हृदयाला लिहिते करणारा डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात रोह्याजवळच्या एका गावातला २४ वर्षांचा तरुण माझ्यासमोर येऊन बसला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत त्याला नोकरी लागत होती आणि त्यासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवे होते. गावच्या कबड्डी संघातला गडी, अंगकाठी दणकट, व्यसन नाही, दवाखान्याची पायरी क्वचितच चढलेला. नाडी, रक्तदाब, छाती सगळे व्यवस्थित होते. त्याला माझा सही-शिक्का हवा होता आणि मलाही द्यायला हरकत दिसत नव्हती. फॉर्मवर ईसीजीचा रकाना होता, म्हणून तो काढला.

कागद हातात घेतला आणि थांबलो. प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारी लाट जिथे संपायला हवी, तिथे संपत नव्हती. मी पट्टी लावून छोटे चौकोन मोजले. मिनिटाला ६० ठोक्यांच्या आसपास नाडी असताना हे अंतर साधारण अकरा चौकोनांच्या आत असावे. त्याचे तेरा भरले.

मग सही बाजूला ठेवून मी घरच्यांची चौकशी सुरू केली. धाकटी बहीण शाळेच्या शर्यतीत दोनदा कोसळली होती, तिला अशक्तपणा आहे असे घरात ठरले होते. आईचे माहेर पेणकडचे. तिचा भाऊ अठराव्या वर्षी गावच्या तळ्यात बुडाला. पट्टीचा पोहणारा होता. त्याला आसरांनी ओढला, असे गाव आजही सांगते. (या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तरुणाने मला विचारले की आपल्याला काहीच होत नसताना एक कागद हे कसे काय सांगतो. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे तर, ते छोटे चौकोन ज्यांनी ठरवले, त्या माणसाची गोष्ट सांगायला हवी. त्यांचे नाव डॉ. विलेम आइंटहोव्हेन.

जावा बेटावरचा मुलगा

आइंटहोव्हेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरच्या सेमारांग शहरात झाला. आजच्या इंडोनेशियातले हे बंदर तेव्हा डच अमलाखाली होते. भातशेती, दमट हवा आणि धो धो पाऊस, म्हणजे आपल्या कोकणी माणसाला परके वाटू नये असा मुलूख. वडील जेकब हे डॉक्टर होते, आधी लष्करात आणि नंतर शहरात. विलेम सहा वर्षांचे असताना वडील वारले. सहा मुले पदरात असलेल्या आईने चार वर्षे कशीबशी काढली आणि १८७० साली मुलांना घेऊन हॉलंडमधले युट्रेख्त गाठले.

विलेम यांनी वडिलांचाच मार्ग धरायचा, डॉक्टर होऊन पुन्हा त्या बेटांवर नोकरीला जायचे, असा बेत होता. युट्रेख्तच्या विद्यापीठात ते वैद्यक शिकू लागले. पण हा विद्यार्थी नुसता पुस्तकातला नव्हता. व्यायाम, तलवारबाजी, होड्या वल्हवणे यांत तो पुढे असे. एकदा व्यायाम करताना पडून मनगट मोडले. हात गळ्यात बांधून बसण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी हाताचा पंजा उलटा-सुलटा फिरतो कसा, याचाच अभ्यास केला आणि त्यावर निबंध लिहिला. दुखण्याकडे कुतूहलाने पाहण्याची ही सवय पुढे आयुष्यभर टिकली.

१८८५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तिचा विषय डोळ्यांचा होता. एकाच फलकावरची लाल आणि निळी अक्षरे एक पुढे, एक मागे अशी का भासतात, याचा तो शोध होता. त्याच वर्षी लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि ती अवघ्या २५ वर्षांच्या आइंटहोव्हेन यांना मिळाली. जावाला परतण्याचा बेत मागे पडला. पुढची सुमारे चाळीस वर्षे, अखेरपर्यंत, ते लायडनलाच राहिले. १८८६ साली त्यांनी आईच्या माहेरच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केले. त्यांना तीन मुली आणि एक मुलगा झाला.

कुत्र्याचे पंजे आणि पाऱ्याची नळी

हृदय चालते ते विजेवर, हे त्या काळच्या संशोधकांना ठाऊक झाले होते. ही वीज म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम या क्षारांच्या भारित कणांची पेशींत होणारी ये-जा. पेणच्या खारेपाटात राहणाऱ्यांना हे लगेच समजेल. खाडीच्या बांधाला उघाडी असते. ती वेळेवर उघडते, वेळेवर मिटते, म्हणून शेत वाचते. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत अशा असंख्य सूक्ष्म उघाड्या असतात. त्या ठरल्या क्रमाने उघडल्या की हृदय आकुंचन पावते आणि मिटून सारे पूर्ववत झाले की पुढच्या ठोक्याला तयार होते. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडते.

ही वीज कातडीपर्यंत पोहोचते, पण अगदी क्षीण, व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याइतकी. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या कातडीवरून ती प्रथम टिपली. जिमी नावाच्या आपल्या कुत्र्यालाही ते प्रयोगात वापरत. तो मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पंजे बुडवून शांत उभा राही. १८८९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात शरीरशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे वॉलर यांचे प्रात्यक्षिक आइंटहोव्हेन यांनी पाहिले. वॉलर यांना स्वतःला या तंत्राचा रुग्णालयात फारसा उपयोग होईल असे वाटत नव्हते. आइंटहोव्हेन यांच्या मनातून मात्र ते जाईना.

अडचण यंत्राची होती. वॉलर ज्यावर काम करत, ती बारीक नळीतला पारा वरखाली होणारी युक्ती होती. पारा जड आणि सुस्त. हृदयातली वीज सेकंदाच्या शंभराव्या भागात बदलते आणि पारा मागून रेंगाळत येतो. कागदावर दोन-तीन गुळगुळीत उंचवटे तेवढे दिसत. आइंटहोव्हेन यांनी या रेंगाळण्याचे गणित मांडले आणि पारा किती मागे राहिला हे हिशेबाने काढून खरी आकृती कशी असेल ते कागदावर रेखाटले. त्यात पाच लाटा निघाल्या. १८९५ साली त्यांनी त्यांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. आज जगातला प्रत्येक डॉक्टर हीच नावे वापरतो.

पण एकेका ठोक्यासाठी पानभर गणित करत बसलो तर रोग्याला काय उपयोग, हे त्यांना उमगले होते. हृदयाने आपले अक्षर स्वतःच लिहावे, असे यंत्र हवे होते.

तीन खोल्या व्यापेल असे नाही, पण दोन नक्की

त्यासाठी त्यांनी क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा दगड वितळवला आणि त्याला बाण जोडून तो धनुष्याने सोडला. बाणामागे ओढला जाणारा रस इतका बारीक तंतू होई की नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. माणसाच्या केसाच्या वीस-तीस पट बारीक. त्यावर चांदीचा मुलामा देऊन तो तंतू त्यांनी प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवला. हृदयातली वीज तंतूतून गेली की तो थरथरे. त्यावर प्रखर प्रकाश टाकून त्याची सावली सूक्ष्मदर्शकातून कित्येक पट मोठी करायची आणि सरकत्या फोटोच्या काचेवर उमटवायची. सेकंदाचे भाग मोजण्यासाठी प्रकाशाच्या वाटेत सायकलचे चाक फिरवत. त्याच्या आऱ्यांनी काचेवर उभ्या रेघा पडत.

या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते. ते दोन खोल्यांत पसरले होते, चालवायला पाच माणसे लागत आणि चुंबक तापू नये म्हणून त्याभोवती सतत पाणी फिरवावे लागे. ज्याची तपासणी करायची, त्याने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. १९०१ साली त्यांनी यंत्राचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले आणि १९०३ साली त्यावर काढलेले हृदयाचे आलेख सविस्तर मांडले. गणिताने काढलेल्या आकृती आणि यंत्राने लिहिलेल्या आकृती जुळल्या होत्या.

त्यांनी एक गोष्ट फार दूरदृष्टीने केली. मोजमाप ठरवून टाकले. आडव्या दिशेने एक मिलिमीटर म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग आणि उभ्या दिशेने एक मिलिमीटर म्हणजे मिलिव्होल्टचा दहावा भाग. सव्वाशे वर्षे होत आली, यंत्र दोन खोल्यांतून पिशवीत आले, पण माप तेच आहे. लायडनला काढलेला आलेख आणि रोह्याला काढलेला आलेख शेजारी ठेवून वाचता येतो तो त्यामुळे. मी त्या तरुणाच्या कागदावर जे तेरा चौकोन मोजले, ते याच मापाचे.

दीड किलोमीटरची तार

यंत्र प्रयोगशाळेत आणि रोगी रुग्णालयात, मध्ये दीड किलोमीटरचे अंतर. अत्यवस्थ रोग्याला उचलून आणायचे कसे? आइंटहोव्हेन यांनी टेलिफोनची तार वापरली. रोग्याचे हात-पाय रुग्णालयातल्या भांड्यांत आणि आलेख उमटायचा प्रयोगशाळेत. मार्च १९०५ मध्ये असा पहिला आलेख आला. तो रोग्याचा नव्हता, धडधाकट माणसाचा होता. आलेखातल्या लाटा जरा उंच दिसल्या. त्याचे कारण आइंटहोव्हेन यांनी असे दिले की तो गृहस्थ प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत सायकल मारत गेला होता.

आज आपल्याकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर ईसीजीचा फोटो मोबाइलवरून अलिबागला किंवा मुंबईला तज्ज्ञाकडे पाठवतो, तेव्हा तो त्याच तारेचे पुढचे टोक धरून असतो.

१९०६ आणि १९०८ साली त्यांनी निरोगी आणि आजारी हृदयांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवले. हृदयाचे कप्पे जाड झाले तर काय दिसते, मध्येच एखादा जादा ठोका आला तर काय दिसते, वरच्या कप्प्यातली वीज खालच्या कप्प्यात पोहोचली नाही तर काय दिसते. लंडनच्या थॉमस लुईस यांनी हे यंत्र रोग्यांच्या खाटेशी नेले आणि हृदयाच्या बिघडलेल्या ठेक्यांचे शास्त्रच उभे केले. आइंटहोव्हेन यांना त्याचा हेवा वाटला नाही. आपल्या यंत्राला रुग्णालयात मान मिळाला तो लुईस यांच्यामुळे, हे ते मोकळेपणाने मान्य करत.

१९२४ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते व्याख्यानांसाठी अमेरिकेत होते. त्यांच्याबद्दल एक हकीकत सांगतात. यंत्र उभारण्यात ज्याचे हात राबले, तो त्यांचा जुना मदतनीस तोवर वारला होता. आइंटहोव्हेन यांनी त्याच्या दोन बहिणींचा शोध घेतला. त्या हलाखीत दिवस काढत होत्या. पारितोषिकाच्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी त्या बहिणींना दिला.

अखेरच्या वर्षांत, इंजिनीअर झालेल्या मुलाबरोबर त्यांनी आपल्या तंतूचे आणखी एक रूप बनवले. ते बिनतारी संदेश टिपण्यासाठी होते. ज्या जावा बेटावरून दहा वर्षांचे असताना ते निघाले, तिथून येणारे संदेश त्यांच्याच तंतूवर हॉलंडमध्ये उमटू लागले. सप्टेंबर १९२७ मध्ये, ६७व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले.

त्यांना जे ठाऊक नव्हते

त्या तरुणाच्या कागदावर जे दिसले, त्याचे नाव आइंटहोव्हेन यांच्या काळात कुणालाही ठाऊक नव्हते. १९५७ साली नॉर्वेमध्ये जर्वेल आणि लांग-नील्सन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली. त्या घरातली जन्मतः बहिरी मुले धावता-खेळता, घाबरल्यावर बेशुद्ध पडत, आणि त्यांतली तीन लहानपणीच अचानक दगावली होती. सर्वांच्या ईसीजीवर क्यू लाटेपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचे अंतर लांबलेले होते. पुढे १९६३-६४ मध्ये इटलीत आणि आयर्लंडमध्ये हाच प्रकार बहिरेपणा नसलेल्या कुटुंबांतही आढळला. याला लाँग क्यूटी म्हणतात. क्षारांच्या उघाड्यांपैकी एखादी जन्मतःच नीट चालत नाही, त्यामुळे ठोक्यानंतर पूर्ववत व्हायला हृदयाला वेळ लागतो. त्या उशिराच्या क्षणी धावण्याचा, पोहण्याचा किंवा दचकण्याचा ताण आला तर ठेका एकदम विस्कटतो आणि माणूस कोसळतो. ठेका आपोआप सुधारला तर मिनिटभरात उठून बसतो. नाही सुधारला तर उठत नाही. अशी जन्मखूण साधारण दोन हजारांत एकाला असते.

१९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी आणखी एक प्रकार दाखवला. यात धडधाकट माणूस, बहुधा पुरुष, झोपेत किंवा तापात दगावतो. आग्नेय आशियात हा विकार जास्त आढळतो. थायलंडच्या खेड्यांत अशा मृत्यूंचे खापर विधवेच्या भुतावर फोडले जाई आणि तिला फसवण्यासाठी पुरुष बायकांचे कपडे घालून झोपत. आपल्याकडच्या आसरांची आठवण होते ती इथे. कारण दिसत नाही तेव्हा माणूस कारण रचतो. त्याला हसण्यासारखे काही नाही.

या विकारांत हृदयाचा आकार बहुधा नेहमीसारखाच असतो. स्टेथोस्कोपने कळत नाही, एक्स-रेमध्ये दिसत नाही, सोनोग्राफीसारखी टूडी इको तपासणीही अनेकदा निर्दोष येते. शवविच्छेदनातही काही हाती लागत नाही, कारण हृदय थांबले की वीज गेली. पुरावा उरतो तो जिवंतपणी काढलेल्या कागदावर आणि घरच्या माणसांच्या आठवणीत.

माझ्या हातून निसटलेले

हे मी पुस्तकातून शिकलो, पण पटले ते एका चुकीने. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका छोट्या आरोग्य केंद्रात, बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तिची आई घेऊन आली होती. पळताना पडली, डोळे फिरवले, हात-पाय झटकले, दोन मिनिटांत शुद्धीवर आली. बाहेर मोठी रांग होती. मी फिटचे निदान केले आणि गोळ्या लिहून दिल्या. दारातून बाहेर पडताना आई सांगत होती की मोठा मुलगाही असाच गेला, विहिरीत पोहताना. मी ते ऐकले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

वर्षभराने ती मुलगी पुन्हा कोसळली. नातेवाइकांनी तिला मुंबईला नेले आणि तिथे ईसीजी निघाला. लाँग क्यूटी. ती वाचली, पण त्यात माझा काही वाटा नाही. आमच्या केंद्रात ईसीजीचे यंत्र कपाटात होते. मी ते उघडले नव्हते. फिटच्या गोळ्या देण्याआधी एकदा ईसीजी काढायचा, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो आणि नव्या डॉक्टरांनाही सांगतो.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे

आधी धीराचे. चक्कर येऊन पडणारी बहुतेक तरुण मुले-मुली हृदयरोगी नसतात. उपाशीपोटी रांगेत उभे राहून, उन्हात प्रार्थनेला थांबून, रक्त पाहून येणारी चक्कर साधी असते. ती येण्याआधी घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी अशी सूचना मिळते. तरी मनात शंका असेल तर डॉक्टरांना सांगावे. खालील गोष्टींपैकी एक जरी असेल, तर मात्र ईसीजी काढून घ्यायलाच हवा.

पळताना, खेळताना, पोहताना शुद्ध गेली असेल. दमून बसल्यावर नव्हे, ऐन धावपळीत.

फटाका, घंटा, फोनचा आवाज यांनी दचकून किंवा खूप घाबरून कुणी कोसळले असेल.

काहीही सूचना न मिळता एकदम पडून लागले असेल, किंवा पडण्याआधी छातीत जोराची धडधड झाली असेल.

फिट म्हणून औषध चालू असेल, पण उपयोग होत नसेल आणि ईसीजी कधीच काढला नसेल.

घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेले असेल. झोपेत गेलेला काका, पोहता येत असून बुडालेला मामा, कारण न कळता गेलेले तान्हे बाळ, विनाकारण गाडी रस्त्याबाहेर गेलेला भाऊ, हे सगळे यात येतात.

मूल जन्मतः बहिरे असेल आणि त्याला शुद्ध हरपण्याचे प्रसंग येत असतील. लाँग क्यूटीचा हा प्रकार आई आणि वडील दोघांकडून सदोष खूण आली तर होतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे, अशा जवळच्या नात्यात त्याची शक्यता वाढते.

ईसीजी निर्दोष आला म्हणून प्रत्येक वेळी विषय संपत नाही. काही विकार निवांत पडलेल्या माणसाच्या कागदावर दिसत नाहीत. ते पट्ट्यावर चालवून, चोवीस तासांची नोंद घेऊन किंवा तापात पुन्हा आलेख काढून पकडावे लागतात. म्हणून घरची हकीकत सांगा. डॉक्टरने विचारली नाही तरी सांगा, आणि तो पुढच्या रुग्णाला हाक मारत असेल तर दारातून परत येऊन सांगा. यंत्राने छापलेल्या आकड्यावरही पूर्ण भिस्त ठेवू नये. शंका असेल तिथे चौकोन हाताने मोजावेत, अशी विनंती मी माझ्या व्यवसायबंधूंना करतो.

निदान झाले तर घाबरून जाऊ नये. लाँग क्यूटीच्या बऱ्याच रुग्णांना हृदयाला शांत ठेवणारी एक जुनी आणि स्वस्त गोळी रोज घ्यावी लागते. ती मनाने बंद करायची नाही. काही प्रतिजैविके, बुरशीवरची आणि उलटीवरची काही औषधे या माणसांना घातक ठरतात, म्हणून दुकानातून परस्पर औषध घेऊ नये आणि आपल्या आजाराची चिठ्ठी खिशात ठेवावी. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घटले तरी धोका वाढतो. जोखीम फार असेल तर छातीत छोटे यंत्र बसवतात, ते ठेका बिघडताच झटका देऊन तो पूर्ववत करते. आणि एकाला विकार निघाला की आई-वडील, भावंडे आणि मुले या सर्वांचा ईसीजी काढायचा. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते.

मैदानात कुणी कोसळला, हलवून जागा होत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे यांत वेळ घालवू नये. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. कबड्डीच्या संघांनी, गोविंदा पथकांनी, गणेश मंडळांनी हे आपल्या पोरांना शिकवून ठेवावे. अर्ध्या दिवसात शिकता येते.

त्या घराचे पुढे काय झाले

त्या तरुणाला आम्ही मुंबईला हृदयाच्या ठेक्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवले. निदान पक्के झाले. मग आई, वडील आणि बहीण तिघांचे ईसीजी निघाले. आईचा आणि बहिणीचा लांबलेला होता, वडिलांचा व्यवस्थित. आता तिघे माय-लेकरे गोळी घेतात. बहिणीने शर्यती सोडल्या, तिला त्याचे वाईट वाटते. तरुणाने कबड्डी सोडली, त्याला अधिक वाटते. कंपनीत त्याला बैठे काम मिळाले. या वर्षी गावच्या संघाचा हिशेब तो सांभाळतो.

शेवटच्या भेटीत आई थोडी मागे राहिली. तिने विचारले की मग माझ्या भावाला पाण्यात कुणी ओढले नव्हते का. मी तिला सांगितले की त्याचा कागद आपल्याकडे नाही, त्यामुळे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण तुमचा कागद आहे, मुलांचे आहेत, आणि तीनही एकच गोष्ट सांगतात. बहुधा त्याचे हृदयच त्या दिवशी ठेका चुकले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली ते एवढेच, की एकोणीस वर्षे तिची आई त्या तळ्यापाशी नारळ ठेवते आहे, तिला हे सांगायला हवे.

लायडनच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसलेल्या माणसांना आपला कागद पुढे कुणाच्या कामी येणार, हे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. पेण असो की रोहे, सरकारी रुग्णालयात हा कागद काढायला पाच मिनिटे लागतात. घरात कुणी असे अकाली गेले असेल, तर तेवढा वेळ काढा आणि त्यांची गोष्ट डॉक्टरला सांगा.